टटल कॉर्नर्सचं वळण

आमच्या टटल कॉर्नर्स गावात चार रस्ते जिथे भेटतात, तिथे एकही रस्ता सरळ जात नाही. उत्तरेकडचा रस्ता माझ्या दारापर्यंत नीट येतो, मग अंग चोरतो आणि घराला वळसा घालून पुढे निघतो. बाकीचे तिन्ही तसेच. परका माणूस विचारतो, इथे काय मोठा खडक होता का, की दलदल होती? गावातले सांगतात, खडक कसला, टटलबाईचा हट्ट. मी आता एकाहत्तर वर्षांची आहे, हट्टी म्हटल्याचं मला काही वाटत नाही. पण हे लोक गोष्ट अर्धीच सांगतात याचा राग येतो, म्हणून पुरती सांगते.

माझं माहेर इथून चौदा मैलांवर, डोंगराच्या खोबणीत. हिवाळ्यात चार-चार महिने आमच्याकडे कुणी फिरकायचं नाही. मी काचेवरचं बर्फ नखांनी खरवडून बाहेर बघायचे आणि बाहेर बघण्यासारखं काहीच नसायचं. एकोणिसाव्या वर्षी जेरद टटलचं स्थळ आलं. त्याची सराई चौकाच्या कोपऱ्यावर होती आणि तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून चारही रस्ते दिसायचे. मी होकार दिला तो त्या खिडकीला. जेरद स्वभावानं चांगला निघाला, हे माझं नशीब.

बॉस्टनहून वर कॅनडाच्या हद्दीकडे जाणारी टप्प्याची गाडी आमच्या दारात घोडे बदलायची. सकाळी अकराला वर जाणारी, दुपारी तीनला खाली येणारी. दमलेले चार घोडे सुटून ताजे चार जुंपले जाईपर्यंत वीस मिनिटं मिळायची, तेवढ्यात उतारूंनी जेवायचं. टेकडीच्या माथ्यावर आला की गाडीवान लूथर शिंग वाजवायचा, जितके जेवणारे तितक्या वेळा. पाचदा वाजलं की मी पाच ताटं मांडायची. गाडी थांबेपर्यंत डुकराचं मांस घालून शिजवलेला घेवडा आणि मक्याचा गरम पाव टेबलावर असायचा. लोक घास गिळता गिळता बोलायचे. कुणी बॉस्टनच्या गोदीवरून आलेला, कुणी ऑल्बनीच्या कालव्यावरून. मी हातात किटली घेऊन दाराला टेकून ऐकायची. पायाला भिंगरी लागल्यासारखी दिवसभर नाचायची, पण सगळं नाचणं उंबऱ्याच्या आत.

लगाम हातात घेतला की लूथर रोज एकच थट्टा करायचा. "बाई, वर जागा आहे, चला."

"उद्या," मी म्हणायची.

बावीस वर्षं हे चाललं. बावीस वर्षांत माझी सगळ्यात लांबची मजल म्हणजे चौदा मैल, तीही आईच्या मातीला.

जेरद तापानं गेला आणि सराईचा परवाना माझ्या नावावर झाला. त्यानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात गाडीच्या कंपनीचा माणूस आला. माझा घेवडा दोनदा मागून घेऊन खाल्ला आणि मग तोंड पुसत म्हणाला की एप्रिलपासून गाडी टेकडी चढणार नाही, खालच्या नदीकाठच्या नव्या रस्त्यानं जाईल. चढामुळे घोडे मरतात म्हणे. इथून दीड मैलावर नवा पूल झाला होता. त्या पुलापाशी एक एप्रिलला जिची चूल पेटलेली असेल आणि जिच्या तबेल्यात आठ घोडे मावतील, त्या सराईला गाडीचा थांबा मिळणार होता.

माझा धाकटा दीर ऑरिन याला हे आधीच कळलेलं होतं. त्यानं पुलापाशी जागा घेऊन पाया घातला होता, स्वतःचा लोहारही आणून ठेवला होता. मला सांगायला आला तेव्हा टोपीसुद्धा काढली नाही.

"वहिनी, आता जरा आराम करा. नाहीतर माझ्याकडे स्वयंपाकाला या. पगार देईन की."

मी म्हटलं, "ऑरिन, तुझ्या घराला अजून छप्पर नाही. आधी ते घाल, मग मला पगार दे."

तो गेल्यावर मात्र मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. खरं सांगायचं तर मला कमाईची तितकी भीती नव्हती. भीती होती ती त्या खिडकीची. गाडी गेली की खिडकीत पुन्हा माहेरचाच देखावा येणार, बर्फ आणि पलीकडे काही नाही, या विचारानं मला घरात बसवेना. मी त्या दिवशी उगाचच तीनदा जिने चढले-उतरले. चौथ्यांदा उतरताना ठरवलं की घरच खाली न्यायचं.

हे ऐकून तुम्ही हसाल, पण आमच्या व्हरमाँटच्या डोंगरात घर हलवणं ही नवलाची गोष्ट नव्हती. लाकडी घर, विटांचं धुराडं तेवढं उतरवायचं, जोत्यावरून स्क्रूनं उचलून खाली दोन लांब ओंडके घालायचे, पुढची टोकं तासून वर वळवलेले. बर्फ घट्ट झालं की साखळ्या लावून बैलांनी ओढायचं. त्यासाठी गावातल्या प्रत्येक घरी जाऊन बोलावणं करायचं. कुणाला मजुरी द्यायची नाही, फक्त जेवण घालायचं. आणि बोलावणं आलं की कुणी नाही म्हणायचं नाही. माणसं एकमेकांशी वर्षानुवर्षं बोलत नसत, पण बैल घेऊन येत. जेरद होता तेव्हा आमची जोडी अशी पंधरा घरांसाठी गेली होती.

मी दारोदार फिरले. आता यातली मेख अशी की अख्खं गाव त्या गाडीवर जगत होतं. कुणी गवत विकायचा, कुणी खोगीर शिवायचा, दुकानदाराचा निम्मा माल उतारूच घ्यायचे. गाडी तर जाणारच होती, पण सराई जागेवर राहिली तर गुरं घेऊन जाणारे तरी इथे थांबतील, एवढीच त्यांना आशा होती. मी लोकांना म्हणत होते, या आणि तुमच्या गावचा जीव ओढून दीड मैलावर नेऊन ठेवायला मला मदत करा. असं मी तोंडानं म्हटलं नाही. त्यांनीही म्हटलं नाही. डीकन हिरम, चर्चचं सगळं बघणारा, घोड्यांसाठी ओट विकणारा, दारात उभा राहून एवढंच बोलला, "येतो, टटलबाई. किती वाजता?" त्याच्या मागे त्याच्या बायकोच्या विणायच्या सुया थांबल्या. ते मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

सगळ्यात शेवटी लोहाराकडे गेले. झेडॉक फेन. विधुर, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, अंगानं दांडगा, बोलायला कंजूष. गाडीच्या घोड्यांचे नाल हाच त्याचा मुख्य धंदा. माझी सराई गेली की त्याच्या भट्टीत नुसती राख उरणार, हे पोराटोरांनाही कळत होतं. हा माणूस गावाच्या टोकाला असलेल्या गिरणीच्या पलीकडे कधी गेला नव्हता आणि जायची त्याला इच्छाही नव्हती. रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन सायडरचा, म्हणजे सफरचंदाच्या दारूचा, एक पेला प्यायचा, चुलीकडे बघत बसायचा आणि जायचा. मला तो ठोंब्या वाटायचा. तरी त्याच्यासमोर माझी जीभ अडखळली.

"झेडॉक, तुमचं काय होईल ते मला कळतंय."

त्यानं तापलेला नाल पाण्यात बुडवला आणि चरचर थांबेपर्यंत वाट पाहिली. "कधी?"

"मंगळवारी."

"बक आणि ब्राइट येतील," तो म्हणाला. ही त्याच्या बैलांची नावं.

फेब्रुवारीतला तो मंगळवार उजाडला तेव्हा चाळीस जोड्या माझ्या अंगणात वाफ सोडत उभ्या होत्या. एकही घर चुकलं नव्हतं. दहा-दहा जोड्यांच्या चार रांगा केल्या. प्रत्येक जोडीच्या जोखडातून साखळी मागच्या जोडीकडे, तिच्याकडून आणखी मागे, अशी थेट घराखालच्या ओंडक्यापर्यंत. घराला सगळ्यात जवळ सर्वात ताकदीची जोडी लागते, म्हणून तिसऱ्या रांगेत तिथे बक आणि ब्राइट. डीकन हिरम पिंपावर उभा राहिला आणि काठी वर केली.

बायका म्हणाल्या, बाहेर ये. मी गेले नाही. धुराडं उतरवलेलं होतं, पण बिडाची चूल मी खिडकीतून नळी काढून पेटवून ठेवली होती. साठ माणसांचं जेवण करायचं होतं आणि ते मी माझ्याच चुलीवर करणार होते, घर चालत असलं तरी. डीकनची काठी खाली आली. घर कण्हलं, कपाटातल्या बश्या वाजल्या आणि खिडकीबाहेरचं एल्मचं झाड हळूच मागे सरकलं. बावीस वर्षं एका जागी उभं असलेलं झाड. मी तळणातला डोनट झाऱ्यावर धरून तशीच उभी राहिले आणि एकटीच हसायला लागले. हसता हसता रडलेही. जन्मात पहिल्यांदा मी कुठेतरी निघाले होते.

कोपऱ्यावरून चौकाच्या मधोमध यायला चाळीस पावलं. उतार होता, ते सहज झालं. मग घर पूर्वेला, नदीच्या रस्त्याकडे वळवायचं होतं, त्यात दुपार झाली. माणसं पाळीपाळीनं आत येऊन जेवली. कुणी फारसं बोललं नाही. एरवी अशा दिवशी थट्टामस्करीनं छप्पर उडतं. मला वाटलं, दमले असतील.

पूर्वेच्या रस्त्याला लोहाराच्या भट्टीसमोर कमरेएवढा एक चढ आहे. तो ओलांडला की पुढे नदीपर्यंत नुसता उतार. डीकननं काठी खाली केली. घर थरथरलं आणि जागीच राहिलं. दुसऱ्यांदाही तसंच. केवढा तो आरडाओरडा, काठ्या, हाका. काय अडलं ते बघायला मी वर माडीच्या खिडकीशी गेले.

वरून सगळं दिसत होतं. माणसांचे चेहरे लाल झाले होते, तोंडं उघडी होती, पण साखळ्या लोंबत होत्या. बैलाच्या कानाशी तोंड नेऊन ओढ ओढ म्हणून ओरडायचं आणि दुसऱ्या हातानं त्याचं शिंग मागे धरायचं, ही युक्ती जमिनीवरून कुणाला दिसत नाही. दुकानदाराची साखळी सैल. खोगीरवाल्याची सैल. पहिल्या रांगेत सगळ्यात पुढे खुद्द डीकनची जोडी त्याच्या मुलीच्या नवऱ्यानं धरली होती, तिची साखळी तर बर्फाला टेकली होती. चारही रांगा मी नजरेनं शेवटपर्यंत पाहिल्या. एकच साखळी तारेसारखी ताठ होती. झेडॉक बैलांच्या बाजूला वाकून उभा होता, ओरडत नव्हता, आणि बक-ब्राइट पोट जमिनीला लावून एवढं मोठं घर दोघंच ओढत होते.

माझा हात खिडकीच्या कडीवर होता. उघडून ओरडले असते तर साठ जणांनी मान वर केली असती. पण ते सगळे आले होते ना. बोलावलं तसे पहाटे उठून बैल घेऊन आले होते, माझं अन्न खाल्लं होतं. त्यांना भर रस्त्यात खोटं पाडायचं धैर्य मला झालं नाही. तिसऱ्यांदा काठी खाली आली आणि ब्राइटचा पुढचा पाय बर्फावर घसरून त्याच्याच अंगाखाली गेला. मोडल्याचा आवाज मला माडीवर ऐकू आला.

ब्राइटला झेडॉकनं स्वतःच मारलं. आमच्याकडे अशा कामात जनावर गेलं की त्याचं मांस आलेल्या प्रत्येकाला वाटायची रीत आहे. सूर्य बुडायच्या आत एकेकानं आपला वाटा फडक्यात गुंडाळून घेतला आणि एकमेकांकडे न बघता घरची वाट धरली. माझा वाटा पायरीवर ठेवलेला होता. मी त्याला हात लावला नाही.

चार दिवसांनी पाऊस आला आणि बर्फ वाहून गेलं. घर भर चौकात, चिखलात, दोन ओंडक्यांवर. पुढच्या हिवाळ्यापर्यंत ते हलणं शक्य नव्हतं. चारही रस्ते बंद. महिनाभर तर अशी तऱ्हा होती की टप्प्याची गाडी माझ्या पुढच्या दाराशी थांबायची, उतारू आत येऊन जेवायचे आणि मागच्या दारानं निघून पलीकडे उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीत बसायचे. टपालाच्या थैल्या स्वयंपाकघरातून जायच्या. एकदा एका शेतकऱ्यानं आपली डुकरीणही तशीच नेली. लूथर पोट धरून हसला. "बाई, आता तर तुम्हीच रस्ता झालात." लोकांना वाटायचं मी दुःखात आहे. दुःखात होते, पण चारी दिशांची माणसं माझ्या चुलीला वळसा घालून जात होती, आणि इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभा भरली. आम्हा बायकांना तिथे बोलायची सोय नव्हती. आम्ही डोनटच्या टोपल्या घेऊन दारात उभ्या राहून ऐकायचं. ऑरिन उठला आणि म्हणाला की रस्ता अडवणं गुन्हा आहे, घर पाडा आणि लाकूड लिलावात काढा. डीकन हिरम उठला. एरवी खिळ्यांच्या एका पेटीवरून ही सभा दोन तास भांडायची. डीकन म्हणाला, "घर हलत नाही. रस्ता हलवू." ऑरिन सोडून सगळे हात वर गेले. पाच मिनिटांत काम आटोपलं आणि दाराकडे कुणी पाहिलं नाही.

सभा सुटल्यावर डीकन माझ्यापाशी आला. हॅट हातात घेऊन तिची कड फिरवत राहिला.

"टटलबाई, मला तुमच्याजवळ एक कबूल करायचंय. चाळीस जोड्या होत्या. मला वाटलं, माझी एक सैल राहिली तर काय बिघडतं."

"सगळ्यांनाच तसं वाटलं, डीकन."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला त्याची दया आली. "सगळ्यांना?" तीन आठवडे तो बिचारा समजत होता की घर त्याच्या एकट्यामुळे अडलं. आणि मग मला कळलं, प्रत्येक जण तेच समजत होता. म्हणूनच गाव असं चोरासारखं वागत होतं.

"एक सोडून," मी म्हटलं. तो कोण, हे त्यानं विचारलं नाही.

एक एप्रिलला सकाळी अकराच्या सुमारास खाली नदीकडून शिंग ऐकू आलं. सातदा वाजलं. मी सात ताटं मांडली आणि मांडून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. ऑरिनच्या घराला तोवर छप्पर झालं होतं.

सराई बंद पडली नाही. गुरं घेऊन बाजाराला जाणारे लोक अजून टेकडीवरूनच यायचे. गावातले भूक नसतानाही जेवायला यायचे आणि जरा जास्तच स्तुती करायचे. मला ते सगळे डोळ्यांसमोर नकोसे व्हायचे. मी घेवडा वाढायची आणि मनात म्हणायची, तुझी सैल, तुझीही सैल. दिवसभर या खिडकीतून त्या खिडकीत जायची. आता चारही बाजूंना खिडक्या होत्या आणि चारही रस्ते रिकामे.

मे महिन्यात झेडॉकनं भट्टी विकली. आठवड्याला दोन घोडे येत, त्यावर कुणाचं पोट भरणार? एकटा राहिलेला बकही दिला आणि एक घोडा आणि छोटी गाडी घेतली. ओहायोत त्याचा चुलतभाऊ होता, तिकडे निघाला. जो माणूस गिरणीच्या पलीकडे गेला नव्हता, तो. जायच्या दिवशी नेहमीसारखा संध्याकाळी न येता सकाळी आला आणि स्वयंपाकघरात उभा राहिला. मी सायडर ओतला. मला जे तीन महिने विचारायचं होतं, ते विचारलं.

"तुम्हाला सगळ्यात जास्त फटका बसणार होता. मग तुम्ही का ओढलंत?"

"तुम्ही बोलावलंत."

"बोलावलं सगळ्यांनाच होतं."

त्यानं सायडर संपवला. "बैलाला खोटं ओढ असं कसं सांगायचं, बाई? त्याला ओढ एवढंच कळतं." पेला खाली ठेवला. "मलाही."

मग तो चुलीकडे बघत राहिला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "फिलेना, चल."

बावीस वर्षांत त्यानं मला नावानं हाक मारली नव्हती. माझ्या अंगात वरपासून खालपर्यंत काहीतरी सरकलं, त्या दिवशी घर सरकलं होतं तसं. मला जायचं होतं. मी शपथेवर सांगते, मला त्या क्षणी दुसरं काही नको होतं. हा माणूस ठोंब्या नव्हता आणि बाहेर गाडी उभी होती, दोन माणसं सहज मावतील अशी.

"सप्टेंबरात येते," मी म्हटलं. "घराचं काहीतरी करते आणि येते."

"सप्टेंबरात रस्ते कोरडे असतात," तो म्हणाला. त्यानं हट्ट केला नाही. तो बाहेर गेला, गाडीत बसला आणि नुकत्याच आखलेल्या वळणावरून, माझ्या घराला वळसा घालून, पश्चिमेकडे निघून गेला. त्या वळणावरून गेलेली ती पहिली गाडी.

मी खोटं बोलले नव्हते. जूनमध्ये मी दुकानातून पितळी कडीची एक पेटी आणली. सप्टेंबरात पत्र आलं, चार ओळींचं. गाव बरं आहे, चौक आहे, गाडी थांबते, जेवण वाईट मिळतं. मी कळवलं की सफरचंदं उतरायची आहेत, वसंतात निघते. वसंतात धुराडं नव्यानं बांधायला काढलं होतं. दुसऱ्या पत्रात त्यानं बैलजोडी घेतल्याचं लिहिलं. मी लिहिलं, यंदा छप्पर गळतंय, ते झालं की लगेच. तिसऱ्या पत्रात त्यानं लिहिलं, घाई नाही. चौथं पत्र दुसऱ्याच हस्ताक्षरात होतं. त्याच्या बायकोचं. तिला माझा घेवडा कसा करतात ते हवं होतं, तो फार आठवण काढतो म्हणे. मी सविस्तर लिहून पाठवलं.

आता टप्प्याची गाडीच उरली नाही. आगगाडी इथून वीस मैलांवरून जाते, ऑरिनच्या सराईत गवत भरलेलं असतं, डीकन हिरमला जाऊन नऊ वर्षं झाली. मी अजून चौकाच्या मधोमध आहे आणि परक्या माणसाला वळणाची गोष्ट सांगते. एकोणचाळीस साखळ्या सैल होत्या इथपर्यंत आले की लोक चुकचुकतात, आणि मला गावाचा जुना राग नव्यानं येतो. या लोकांना मी तीस वर्षं माफ केलेलं नाही. पण माडीवर गेले की ती पेटी दिसते. ताठ साखळीचा माणूस या स्वयंपाकघरात उभा राहून चल म्हणाला होता, आणि त्या वेळी शिंग मागे धरणारी मी होते. तोंडानं येते येते म्हणत होते. मलाही डीकनसारखंच वाटलं होतं की एवढ्यानं काय बिघडतं.

पेटी चांगली आहे, कडी अजून चकाकते. मी तिच्यात घेवड्याचं बियाणं ठेवते.